जनादादा पालथा मरायचा

युद्धाच्या सिनेमात जनादादा नेहमी पालथा मरायचा. बर्फात, वाळवंटात, खंदकात, नदीच्या काठावर. आपल्या बाजूने आणि त्यांच्याही बाजूने. गोळी लागली की आधी त्याचा उजवा हात पुढे जाई, मग खांदा, मग सगळा माणूस. होडीच्या काठावरून आत पडलेलं काही उचलायला वाकावं, तसा तो पडायचा. तोंड मातीत. त्यामुळे पडद्यावर त्याचं तोंड कुणीच कधी पाहिलेलं नव्हतं. त्याच्या घिवली गावची माणसं बोईसरला सिनेमा बघायला जात आणि अंधारात एकमेकांना कोपराने ढोसत: "ती बग, ती बग, जन्याची पाठ!"

मला हे सिनेमे आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. सुरुवातीला काळ्या पडद्यावर 'सत्य घटनेवर आधारित' अशी ओळ येते आणि त्या एका ओळीच्या जोरावर पुढे काहीही खपवलं जातं. मरणारी माणसं पूर्ण वाक्यात बोलतात. कुणालाही तहान लागत नाही. लोक टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या पाळीला जातात. माझे वडील तारापूरच्या एका रसायन कारखान्यात कामाला होते आणि कामाइतकंच युनियनचंही करत. सालवडच्या आमच्या खोलीत पाहुण्याला बसायला सांगण्याआधी खुर्चीवरचा पत्रकांचा गठ्ठा उचलावा लागे. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. त्यामुळे कुठलीही गोष्ट दिसली की हिच्यात राबतं कोण आणि नाव कुणाचं होतं, हा प्रश्न मला पडतोच. जनादादाशी माझं भांडण या प्रश्नावरून सुरू झालं. मैत्रीही त्यावरूनच.

तो वडिलांच्या कारखान्यात कंत्राटावर यायचा. समुद्रात मासळी कमी झाली तसे घिवलीचे बरेच जण येऊ लागले होते. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवल्या की तो पिंपं चढवायला-उतरवायला हजर. पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याने आईसाठी सुके बोंबील आणले होते. आई लातूरकडची. तिने ती पुडी दोन बोटांत धरून गॅलरीत टांगली आणि हात तीनदा धुतले. जनादादाला ते दिसलं. तो म्हणाला, "वयनी, त्यांना तितं एकटं वाटंल. घरात घ्या." आई हसली आणि मग काही वर्षांनी तिच्याइतकं बोंबलाचं कालवण आमच्या चाळीत कुणाला जमत नव्हतं.

मी त्याला 'तुम्ही' म्हणाले तर तो मागे वळून बघायचा. "कोन हाय मागं? कोनाला बोलतेस?" म्हणून मग 'तू'.

सिनेमात तो गेला तोही कारखान्याच्या फाटकावरूनच. लढाईच्या सिनेमांना माणसं लागतात, ढिगाने लागतात. माणसं पुरवणारा एक कोऑर्डिनेटर सुट्टीच्या दिवशी टेम्पो घेऊन सालवडच्या नाक्यावर उभा राहायचा. बिहारची पोरं, नांदेडची पोरं, घिवलीचे होड्या हाकणारे तांडेल, सगळे त्या टेम्पोत चढायचे. बोईसरच्या पूर्वेला डोंगराच्या कडेने दगडाच्या बंद पडलेल्या खाणी आहेत. त्यातली एक वर्षानुवर्षं देशाची उत्तर सरहद्द झालेली होती. तिथे मिठाचा आणि कागदाच्या भुग्याचा बर्फ पडायचा. बाहेर अंगाची लाही होत असताना ही माणसं लोकरीचे कोट घालून थंडीने कुडकुडायची.

"सकाली गोली झाडली आन् दुपारी तीच खाल्ली," जनादादा परत आल्यावर सांगायचा. म्हणजे सकाळी आपला गणवेश, दुपारी त्यांचा. माणसं तीच. "खरं सांगू? मीच मला मारला आज. नेम चांगला हाय माजा."

हे तो हसत सांगायचा, पण बसताना गुडघ्यावर हात ठेवून आवाज करत बसायचा. मिठाने त्याच्या कोपरांची सालं निघालेली असत. आई खोबरेल द्यायची. तो तेल चोळत चोळत थकलेल्या आवाजात त्या दिवशीच्या लढाईची हकीकत सांगायचा. त्या हकिकतीत कोण जिंकलं हे कधी नसायचं. कुठे सावली होती, कोणाला उलटी झाली, कोण खरोखर बेशुद्ध पडलं आणि दिग्दर्शकाला ते पडणं आवडलं, एवढंच.

मरणाऱ्यांना जेवण सगळ्यात शेवटी मिळायचं. कारण जिवंत माणसं दोन शॉटच्या मध्ये उठून जाऊ शकतात. मेलेल्याने हलायचं नाही, नाही तर पुढच्या शॉटमध्ये प्रेताची जागा बदललेली दिसते. हे ऐकल्यावर माझं रक्त उसळलं. मी पत्रक लिहिलं. वर मोठ्या अक्षरात: 'मेलेल्यांनाही भूक लागते!' खाली मागण्या: सावली, पाणी, वेळेवर जेवण. वडिलांनी दोन शब्द बदलले आणि छापून आणलं. जनादादाने ते हातात घेतलं, सावकाश वाचलं, मग म्हणाला, "चांगला लिवलायस. पन घरी नाय नेनार मी. आय कोनाकडून तरी वाचून घेल. तिला वाटंल, आमी खरंच मेलो."

पत्रकाचं फळ असं मिळालं की कोऑर्डिनेटरने जनादादाला दोन महिने टेम्पोत चढू दिलं नाही. मी पेटून उठले, मोर्चाची भाषा करू लागले. त्याने मला बसवलं. "मेलेल्याला काय घाई हाय?" हे त्याचं नेहमीचं वाक्य. बस चुकली तरी हेच, कारखान्यात हजेरी चुकीची लागली तरी हेच. मला त्या वाक्याची चीड यायची. त्यात हार मानल्याचा वास होता. दोन महिन्यांनी टेम्पो कमी भरू लागला तेव्हा कोऑर्डिनेटर स्वतःच त्याला बोलवायला आला, आणि त्यानंतर प्रेतांना पडल्या जागी पाणी मिळू लागलं. बाटलीला नळी लावून. जनादादा ते पाणी पालथा पडल्या पडल्या तोंडाच्या कोपऱ्याने ओढायचा.

पालथाच का, हे त्याने मला बऱ्याच उशिरा सांगितलं.

त्याचा बाप समुद्रात गेला आणि आला नाही. जनादादा तेव्हा लहान होता. आय रोज किनाऱ्यावर जाऊन बसायची. एके सकाळी लाटेने बापाला परत आणलं. लोकांनी त्याला वाळूवर उताणा ठेवला आणि आयला हात धरून पुढे नेलं. ओळख पटवायला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा माजाच." तेव्हापासून त्या घरात कुणी उताणं निजलं नाही. सगळे कुशीवर. पोरंसुद्धा. वाळूत खेळताना कुणी पाठीवर पडलं की आय कुठूनही येऊन कान धरून उठवायची. "उताना मानूस कोन असतो?" ती विचारायची आणि स्वतःच सांगायची, "वलक पटवायला ठेवलेला."

म्हणून जनादादाने पहिल्याच सिनेमात कोऑर्डिनेटरला बजावलं होतं: "मी मरेन, कदी बी मरेन. पन पालथा."

आयला मोतीबिंदू होता. थिएटरात ती पडद्याकडे तोंड करून बसायची आणि सून सांगेल तसं बघायची. "ती बगा तुमच्या ल्योकाची पाठ," असं सुनेने म्हटलं की मान डोलवायची. तिला सगळा धूरच दिसायचा. मग तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आजची रात्र सरळ पाठीवर झोपा, कूस बदलू नका. तिने झोपायलाच नकार दिला. खाटेवर भिंतीला टेकून ती बसून राहिली. नर्स रागावली, डॉक्टर रागावले. जनादादा पायाशी बसून दोघांची समजूत काढत होता: "तिला बसू द्या. ती उतानी नाय व्हायची. तुमी दोगं दमाल."

पट्टी काढली तेव्हा डोळा चांगला निघाला. पुढचा सिनेमा तिने उजेडासारखा स्पष्ट पाहिला आणि बाहेर येऊन रिक्षाची वाट बघताना लेकाला म्हणाली, "इतकी वर्सं मी तुजी पाठ बगायला येते काय रं? पाठ तर मीच दुतली लानपनी. तोंड दाखव की एकदा."

"तोंड हिरोचं दाखवतात, आय."

"मग तू काय चोर हाय?"

मी तिथेच उभी होते. जनादादाने रिक्षाला हात केला. त्या दिवसानंतर मात्र तो कोऑर्डिनेटरला विचारू लागला, एखादा उभा माणूस आहे का, एखादा पहारेकरी, चहा देणारा. पण पन्नाशीच्या, गुडघे दुखणाऱ्या, समुद्राने रापलेल्या माणसाला लढाईच्या सिनेमात मरण्यापलीकडे काम नसतं.

आणि मग तो सिनेमा आला. हा वेगळा आहे, खरा आहे, असं सगळे म्हणत होते. एका खऱ्या चौकीवरची खरी लढाई. त्यात गेलेल्या जवानांच्या घरी जाऊन दिग्दर्शक बसला होता. कोण कुठे पडला, कसा सापडला, सगळं लिहून आणलेलं. माझा विश्वास नव्हता. मी जनादादाला म्हटलं, "बघ तू, यातही भाषणं असतील." तो म्हणाला, "नायत. मी पानं पायली. कोन काय बोलतच नाय. नुसते खोकतात."

त्या चौकीवर एक वायरलेसवाला होता. वयाने मोठा, निवृत्तीला आलेला. जनादादा त्याच्या फोटोसारखा दिसतो, असं फोटो पाहून कुणाच्या तरी लक्षात आलं. जनादादाला तोंडाचं काम मिळालं. जवळून. पूर्ण पडदाभर. त्याने मला फोन केला आणि पहिल्यांदा त्याचा आवाज थकलेला नव्हता. "आयला सांगू नको. सरप्राईज."

शूटिंगच्या दिवशी मी खाणीत गेले होते. प्रेतांच्या जेवणाचं काय झालं ते बघायला, असं मी स्वतःला सांगितलं. जनादादाने कोट घातला होता, भुवयांवर मीठ चिकटवलं होतं. तो नेहमीसारखा पडला. उजवा हात, खांदा, सगळा माणूस. मातीत तोंड.

"चाचा, सीधे लेटिए. ऊपर देखिए," असिस्टंट म्हणाला.

"साब, मैं उलटा मरता."

"अरे चाचा, चेहरे का ही तो शॉट है!"

जनादादा उठून बसला. आता त्याच्या लक्षात आलं. आयने मागितलेलं तोंड या एकाच तऱ्हेने मिळणार होतं. तो मिठात बसून राहिला. असिस्टंट घड्याळ बघत होता. लोकरीच्या कोटात चाळीसेक माणसं उन्हात उभी होती. कोणीतरी ओरडलं, "ए जनाभाऊ, मर ना लवकर, भूक लागली!" काही जण हसले.

दिग्दर्शक आला. तरुण, शांत माणूस. त्याने कारण विचारलं. जनादादाने सांगितलं नाही. "नाय जमनार, साब. दुसरा बगा." दिग्दर्शकाने मागे पाहिलं. तिथे एका छत्रीखाली हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी बाई बसली होती. त्या वायरलेसवाल्याची बहीण, साताऱ्याकडची. खऱ्याची खात्री करायला तिला बोलावलं होतं. ती उठून आली आणि जनादादाशेजारी मिठातच बसली. पदराने त्याच्या कपाळावरचा घाम टिपला. मीठ डोळ्यांत जाऊ नये म्हणून.

"काय झालं, दादा?"

तिला त्याने सांगितलं. बापाचं, आयचं, कान धरण्याचं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आमचा उताणा होता म्हणून गावला. पहिल्यांदा बेपत्ता म्हणून कळवलेलं. आई रोज त्याचं ताट वाढायची आणि स्वतः उपाशी उठायची. मग वरच्या ठाण्यावरनं त्याच्या सोबत्यांनी दुर्बिणीतनं तोंड बघितलं. ओळखलं. कळलं त्या दिवशी आई रडली आणि रडून झाल्यावर जेवली." पदर सावरत ती म्हणाली, "पालथा असता, तर म्हातारी वाट बघतच गेली असती."

जनादादाने कोटाची बटणं नीट केली. एक हात टेकून, गुडघ्याचा आवाज करत, तो सावकाश पाठीवर झाला. असिस्टंटला काही सांगावं लागलंच नाही. डोळे उघडे, वर. खाणीच्या तोंडातून दिसणारं एवढंसं आकाश. शॉट संपला, तरी तो उठेना. कोणीतरी त्याला हात दिला. त्या दिवशी मी जेवणाची चौकशी करायचं विसरले.

पुढचे काही महिने त्याच्यापुढे एकच प्रश्न होता: आयला न्यायचं का नाही. मला विचारलं तेव्हा मी ठाम सांगितलं, नेऊ नको. असल्या सिनेमासाठी म्हातारीचा जीव कशाला टांगणीला लावायचा? तो म्हणाला, "तिला तोंड पायचं हाय. मला बी दाखवायचं हाय. आन् तिला कान बी धरायचा हाय." घरी त्याने एवढंच सांगितलं की सिनेमात तो मरतो. आय म्हणाली, "त्यात नवीन काय? तू रोजच मरतोस."

थिएटरात आय मधे, एका बाजूला जनादादा, दुसऱ्या बाजूला सून आणि मी. 'सत्य घटनेवर आधारित' ही ओळ आली तेव्हा मी सवयीने नाक मुरडलं. पण जनादादा खरं बोलला होता. माणसं भाषणं करत नव्हती. खोकत होती, बुटाच्या नाड्या बांधत होती, पाणी मागत होती. थिएटरात टाळ्या वाजेनात. लोक अवघडून बसले होते.

आणि मग तो आला. पडदाभर. भुवयांवर मीठ, ओठ फाटलेले, डोळे उघडे. उताणा.

आय उभी राहिली. खुर्ची फाट्कन मिटल्याचा आवाज झाला. ती पडद्याकडे बघत होती, नव्या डोळ्यांनी. मागून कुणीतरी म्हणालं, "ओ आजी, बसा ना." तिने ऐकलं नाही. मग स्वच्छ, मोठ्या आवाजात, किनाऱ्यावर उभ्या माणसांना सांगावं तशी ती म्हणाली:

"नाय. हा माजा नाय."

जनादादाने तिचा हात धरला, तिला आपल्याकडे वळवलं. अंधारात तिने चाचपून त्याचं तोंड शोधलं. गाल, नाक, कान. कान तिने जरा जास्त वेळ धरून ठेवला.

"नाय, आय," तो म्हणाला. "तुजा नाय. तो दुसऱ्या आयचा हाय."

ती खाली बसली. पडद्यावर अजून तेच तोंड होतं. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "मंग तिला कलवलं काय?"

"व्हय, आय. कलवलं."

शेवटी खऱ्या जवानांची नावं आली, फोटो आले. वायरलेसवाल्याचा फोटो आला. खरंच जनादादासारखा दिसत होता. पडलेल्या चाळीस माणसांपैकी कुणाचंच नाव नव्हतं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, यावर मी लिहिणार, तुझं नाव असायलाच हवं होतं. तो आयसाठी रिक्षा बघत होता. म्हणाला, "माजं नाव त्यात कशाला? मी जिता हाय."

त्यानंतर तो टेम्पोत चढला नाही. गुडघ्यांचं कारण सांगायचा. सिनेमे अजूनही निघतात, खाणीत मीठ पडतं, सालवडच्या नाक्यावर टेम्पो उभा राहतो. माझं पत्रक मी दोनदा पुन्हा छापलं. सावलीची मागणी अजून तशीच आहे. मीही दमले आहे, हे कबूल करायला हरकत नाही. पण तिसऱ्यांदा छापेन.

आय थंडीत गेली. कुशीवर, झोपेत. मला कळायला उशीर झाला. मी घिवलीला गेले तेव्हा दुपार होती. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, लांब वीजकेंद्राच्या चिमण्या उन्हात फिकट दिसत होत्या. सून म्हणाली, तो किनाऱ्यावर असेल.

तो वाळूत पडला होता. पाठीवर. हात दोन्ही बाजूंना, डोळे उघडे, वर. मी धावले. पावलांचा आवाज ऐकून त्याने मान न हलवता डोळे माझ्याकडे फिरवले.

"बगतोय," तो म्हणाला, "कोन येतो काय कान धरायला."

मी शेजारी बसले. कोणी आलं नाही. लाट आली, गेली. बऱ्याच वेळाने त्याने एक हात टेकला, गुडघ्याने आवाज केला, आणि तो समुद्राकडे तोंड करून कुशीवर वळला.